मदत हवी आहे: अवकाशाच्या विषयातून इंग्लिश शब्द कसे शिकवायचे?

नमस्कार मंडळी, आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. भाची गुजराती मिडियममध्ये सातवीत आहे, घरी मराठी, आणि इंग्लिश म्हटलं की एकदम गप्प. पण २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं ना, तेव्हापासून तिला अवकाशाचं प्रचंड वेड लागलंय, कमाटी बागेतलं तारांगण तर फारच लाडकं, आणि ऑर्बिट, लँडर, रोव्हर, पेलोड हे शब्द तिला कोणी न शिकवताच आले, म्हणून मला वाटतं याच वाटेने पुढे न्यावं. नुसत्या याद्या पाठ करून घ्यायच्या नाहीयेत, वाक्यात वापरता आले पाहिजेत. नासाची स्पेस प्लेस ही मुलांची साइट आवडली तिला, पण एकटीने वाचायला अजून जड जाते. त्याहून सोपं, चित्रांसकट काही आहे का? मराठीतून आधी समजावून मग इंग्लिश वाचायला द्यावं की थेट इंग्लिश? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा.