आजोबांचं ओमेगा घड्याळ, केस (बाहेरचं सोन्याचं आवरण) बर्मिंगहॅमची, मूळ मालक शोधायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जुन्या घड्याळांतलं ज्यांना कळतं त्यांनी प्लीज वाचा, जरा लांबलंय.

माझे चुलत आजोबा, आम्ही अण्णाआजोबा म्हणायचो, १९६१ ला इंग्लंडला फाउंड्रीत कामाला गेले ते १९७४ ला कायमचे चिपळूणला परतले. त्यांचं चावीचं ओमेगा गेल्या महिन्यात आत्याने मला दिलं. इथल्या एका सोनाराला दाखवलं तर तो म्हणाला सोनं फक्त ९ कॅरेट, झाकणाच्या आत ओमेगाचं नावही नाही, म्हणजे डुप्लिकेट, मोडीत घाला. आत्याचा चेहरा एवढुसा झाला हो.

मला पटेना म्हणून ओळखीच्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी झाकण काढलं, मशीन बघितलं आणि लगेच म्हणाले अस्सल आहे. तांबूस रंगाचं २६५ कॅलिबर (म्हणजे मशीनचं मॉडेल), आणि मशीनवरचा नंबर आठ आकडी, १४ ने सुरू होतो, म्हणजे साधारण १९५४ च्या आसपासचं. केस मात्र स्विस नाहीच. आत डेनिसन, मेड इन इंग्लंड असं आहे, शेजारी ९ आणि .३७५ (म्हणजे ९ कॅरेट), आणि नांगर. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी ऑफिसचा शिक्का. त्या काळी सोन्याच्या केससकट घड्याळ आणलं की ब्रिटनमध्ये कर जास्त पडायचा म्हणून ओमेगा नुसती मशीन पाठवायची आणि केस तिथेच बनवून घ्यायची, त्यात डेनिसनचं नाव मोठं, १९६७ ला बंद पडेपर्यंत. ९ कॅरेट ही तिकडचीच रीत, त्यामुळे सोनाराचं कस लावणं बरोबर पण निष्कर्ष चुकीचा.

आता खरी अडचण. झाकणाच्या बाहेर कोरलंय एच. डब्ल्यू., १९२९–१९५४, वरची ओळ घासून गेलीय. म्हणजे कुणालातरी २५ वर्षांच्या नोकरीबद्दल मिळालेलं असणार, अण्णाआजोबांना नव्हे. आणि आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखं बारीक ७-६८ आहे, आकडे मराठी! घड्याळजी म्हणाले दुरुस्ती केली की कारागीर अशी खूण करतात. आत्याचं लग्न मे ६८ चं, त्याला अण्णाआजोबा रजेवर आले होते, तेव्हाच इथे कुणाकडे तरी दिलं असणार. म्हणजे ६१ ते ६८ च्या मधेच हे त्यांच्याकडे आलं.

घासलेली ओळ वाचायचा काही उपाय आहे का, तिरप्या उजेडात फोटो काढले पण तीन-चारच अक्षरं दिसतात? आणि एच. डब्ल्यू. कोण हे कळायला तिकडच्या कारखान्यांच्या जुन्या हजेरीच्या नोंदी कुठे असतात, बर्मिंगहॅमकडे कुणी राहत असेल तर कृपया सांगा. किंमत विचारू नका, विकायचं नाहीये. आत्या ८० ची आहे, तिला लवकर सांगायचंय.