लिव्हिंग विलमध्ये नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतः निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्यात ‘मला मशीनवर ठेवू नका’ एवढं एक वाक्य पुरतं का? आणि कागद ठेवायचा कुठे?

उत्तर १: नाही पुरत. न्यूमोनियात चार दिवस लागलेला व्हेंटिलेटरही मशीनच, आणि त्यातून माणूस बरा होऊन घरी येऊ शकतो. म्हणून आधी परिस्थिती लिहा: कायमची बेशुद्धी, बरा न होणारा शेवटच्या टप्प्यातला आजार. मग सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न), व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीतून अन्न यांबद्दल वेगवेगळं लिहा. ‘ठरावीक दिवस करून पाहा, सुधारणा नसेल तर थांबवा’ असंही लिहिता येतं. हे बहुतेकांना सुचतच नाही. वेदनाशमन मात्र चालूच ठेवा, हे स्पष्ट लिहा.

उत्तर २: माझ्या मते प्रतिनिधी, म्हणजे तुमच्या वतीने उपचारांचे निर्णय घेणारी व्यक्ती, निवडण्यात जास्त वेळ घाला, कारण सगळ्या शक्यता कागदावर मावत नाहीत. एक मुख्य, एक पर्यायी. दोघांना समान अधिकार दिले की मतभेदात निर्णय अडकतो. साक्षीदारांचे नियम ठिकाणानुसार बदलतात. साक्षीदार म्हणून वारस आणि उपचार करणारे डॉक्टर टाळलेले बरे.

उत्तर ३: लॉकरमध्ये मुळीच नको, रात्री दोनला तो उघडता येत नाही. प्रती प्रतिनिधीकडे आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये हव्यात. बदल केलात तर जुन्या प्रती परत घेऊन फाडा.

प्रश्नकर्ता: शुद्धीवर असतानाही हा कागद लागू होतो?

उत्तर १: नाही. निर्णयक्षमता आहे तोवर तुमचाच शब्द चालतो. सीपीआर नको असेल तर मात्र डॉक्टरांचा वेगळा लेखी आदेश घ्या. धावपळीत अ‍ॅम्ब्युलन्सचे कर्मचारी लिव्हिंग विल वाचत बसू शकत नाहीत.