जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला द्यायचा की नाही?

मुलुंडचा रहिवासी
आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे. घरं रिकामी होताहेत आणि जवळपास प्रत्येकाच्या माळ्यावरून एक तरी डबा टीव्ही खाली उतरतोय. कमिटीचं म्हणणं, भंगारवाल्याला बोलवा, डब्यामागे शे-दीडशे देईल, विषय मिटला. माझा याला ठाम विरोध आहे.

भंगारवाला पैसे मोजतो ते तांब्याचे आणि सर्किट बोर्डाचे. पिक्चर ट्यूबला आज गिऱ्हाईकच नाही. तिच्या मागच्या निमुळत्या भागाच्या काचेत साधारण २० ते २५ टक्के शिशाचं ऑक्साइड असतं, कारण टीव्ही चालू असताना तयार होणारे क्ष-किरण अडवायचे असतात. पूर्वी ही काच वितळवून नव्या ट्यूब व्हायच्या. आता ट्यूब बनवणंच थांबलंय. मग काच फोडून नाल्यात, खाडीकाठी नाहीतर कचऱ्यातून देवनारला. १९२७ पासून या शहराचा कचरा पोटात घेणारं देवनार ठाण्याच्या खाडीला लागून आहे, हे विसरू नका. सोसायटीने सगळे डबे नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यावेत, वाहतुकीचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा. बोला.

कुर्लेकर
काका, राग मानू नका, पण स्पष्टच बोलतो. माझे मामा कुर्ल्यात वर्षानुवर्षं भंगाराच्या धंद्यात आहेत. तुमच्या लेखी जो कचरा, तो त्यांच्याकडे आधी टेबलावर चढतो. चालतोय का बघतात. चालला तर दुरुस्त होऊन कुणाच्या तरी गावी जातो आणि अजून काही वर्षं चालतो. पर्यावरणासाठी याहून चांगलं काय? नाही चालला, तर फ्लायबॅक (जास्त व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) वेगळा, स्पीकर वेगळा, बॉडीचं प्लास्टिक वेगळं, एकेक स्क्रू डब्यात.

आणि तुमचा नोंदणीकृत रिसायकलर एका टीव्हीसाठी गाडी पाठवतो का? २९ इंची डबा चाळीस किलोच्या वर भरतो. लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरून तो पाठीवर कोण उतरवतं? भंगारवाला. त्याला मधून काढलंत, तर डबे कचराकुंडीशेजारी येतील, लिहून ठेवा.

प्रयोगशाळा
कुर्लेकर, मामांच्या मेहनतीबद्दल आदरच आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि माझा जीव तुटतो तो मामांसारख्यांसाठीच. ट्यूबची मान हातोडीने उडवली की आतल्या पोकळीत हवा सूं करून शिरते. पडद्याच्या आतल्या बाजूला फॉस्फरची, म्हणजे चित्र उजळवणाऱ्या लेपाची, पांढुरकी पूड असते, ती त्याच क्षणी उधळते. त्यात झिंक सल्फाइड, काही दुर्मिळ धातूंची संयुगं, फार जुन्या रंगीत ट्यूबमध्ये कॅडमियमसुद्धा. हे काम बंद खोलीत, उघड्या हातांनी चालतं आणि बाजूला लहान मुलं असतात. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेंदूवर झालेला परिणाम भरून येत नाही.

तांब्यासाठी वायरी जाळणं तर त्याहून वाईट. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळालं की डायॉक्सिन हे जहाल विष तयार होतं. तो धूर सगळ्यात आधी जाळणाऱ्याच्याच छातीत जातो.

पार्लेकर
धूर मान्य. पण काचेच्या शिशाचा बाऊ होतोय असं मला वाटतं. शिसं काचेत वितळून घट्ट बसलेलं असतं. महागड्या क्रिस्टलच्या ग्लासातही शिसं असतंच की. माळ्यावर पडलेला टीव्ही कुणाला विष देत नाही. एवढी ताकद जुन्या फ्रिजच्या गॅसवर खर्च केली तर जास्त उपयोग होईल.

प्रयोगशाळा
माळ्यावर पडलेला अख्खा टीव्ही निरुपद्रवी आहे, शंभर टक्के मान्य. प्रश्न चुरा झाल्यावरचा आहे. काच जितकी बारीक, तितका तिचा उघडा पृष्ठभाग जास्त. ओला कचरा कुजताना सुरुवातीला आम्लधर्मी पाणी सुटतं, त्यात शिसं विरघळतं. अमेरिकेत नेमकी अशीच आम्ल वापरून चाचणी करतात, आणि रंगीत ट्यूबची काच त्यात मर्यादा ओलांडते, म्हणूनच ती तिथे घातक कचऱ्यात धरतात. क्रिस्टलच्या ग्लासाचा चुरा करून कुणी कुजक्या भाजीत कालवत नाही.

दादर पश्चिम
सगळे आपापसात भांडताय, पण ज्यांनी टीव्ही विकले त्यांचं काय? आपण वर्गणी का काढायची? उत्पादकाची जबाबदारी २०११ च्या ई-कचरा नियमांपासून कागदावर आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत तर विकलेल्या वस्तूंच्या ई-कचऱ्यापैकी किती टक्के रिसायकल करून घ्यायचा याची कंपन्यांना उद्दिष्टं आहेत: पहिली दोन वर्षं ६०, पुढे ७०, मग ८०. हे उद्दिष्ट भरायला कंपनी रिसायकलरकडून प्रमाणपत्रं विकत घेते. आता मेख बघा. ही प्रमाणपत्रं मोजली जातात सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या धातूंवर. शिशाच्या काचेचा त्यात हिशोबच नाही! मग नोंदणीकृत रिसायकलरला तरी ती काच नीट हाताळून काय मिळणार? २०२४ मध्ये सरकारने घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी कंपन्यांनी रिसायकलरला द्यायचा किलोमागे किमान २२ रुपये दर ठरवला, तर काही कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. भंगारवाल्याच्या दीडशे रुपयांवर बोट ठेवण्याआधी हे बघा.

मुलुंडचा रहिवासी
दादर पश्चिम, मुद्दा बिनतोड आहे, पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत डबे आमच्या जिन्याखाली राहणार नाहीत. बिल्डरला जागा रिकामी हवी आहे.

कुर्लेकर
ताईंनी पुडीचं लिहिलं ते मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, मान तोडायची गरजच नसते, ती घाई असते. मागचं छोटं बोर्ड मानेवरून ओढून काढायचं, योकच्या, म्हणजे मानेभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्याच्या, क्लॅम्पचा स्क्रू सैल करायचा, रबरी पाचरा सोडवायच्या, योक अख्खा सरकून येतो. तांबं हातात, ट्यूब शाबूत. डब्यामागे जास्त वेळ जातो एवढंच. पण त्या शाबूत ट्यूबचं पुढे करायचं काय? गोदामात जागेचं भाडं आहे. म्हणून फोडतात. ट्यूबमागे कुणी पैसे देत असेल, तर ती अख्खी नेऊन पोचवायला मामा तयार आहेत. फुकट कुणीही करणार नाही, आणि का करावं?

मुलुंडचा रहिवासी
हे मी रविवारी कमिटीपुढे मांडतो. डबे मामांनी उचलावेत, योक, बोर्ड, प्लास्टिक त्यांचं. आम्ही त्यांच्याकडून एक रुपयाही घेणार नाही. उलट प्रत्येक शाबूत ट्यूबमागे सोसायटी पैसे देईल, ते रिसायकलरची पावती दाखवल्यावर. वायरी जाळायच्या नाहीत, सोलायच्या, ही अट.

पार्लेकर
पावतीची अट चांगली आहे. पण रिसायकलर निवडताना तो काच पुढे कुठे पाठवतो हे लेखी घ्या, नाहीतर तुमची ट्यूब फक्त दुसऱ्या गोदामात फुटेल. आणि यादीत पहिल्या पिढीतले पातळ एलसीडीही धरा. त्यांच्या पडद्यामागच्या बारीक नळ्यांमध्ये पारा असतो, आणि ते डब्यांपेक्षा कितीतरी सहज फुटतात.

कुर्लेकर
ते मामांनाही माहीत नव्हतं. एलसीडी ते पाय देऊन मोडतात. आज रात्रीच सांगतो.