गोठून वर आलेल्या रस्त्याला काय म्हणावं? (आणि गिट्टी की खडी?)

पूर्णाकाठ :
नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला. भाची कॅनडात विनिपेगला राहते. तिच्या वस्तीतल्या लोकांनी रस्त्यांबद्दल नगरपालिकेला निवेदन दिलं आहे, ते तिथल्या मराठी मंडळींसाठी मराठीत करायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. वाचताना आपल्याच ग्रामसभेत बसल्यासारखं वाटलं. दर वर्षी तोच गड्डा, वरवरची भरती, महिन्याभरात ती निघून येते, आणि गाडीचं चाक वाकलं तर दाद मागायची कुणाकडं. फरक कारणात आहे. डांबराच्या फटीत शिरलेलं पाणी गोठताना जवळपास ९ टक्के फुगतं, फट रुंद करतं. थंडी ओसरली की बर्फाचं पाणी होतं, खालची भर सैल पडते, वरून ट्रक गेला की डांबर खचलंच.

इथवर मराठीत नीट जमलं. अडलो ‘फ्रॉस्ट हीव्ह’पाशी. जमीन खोलवर गोठते आणि चिमणीची वात रॉकेल ओढते तसा तो गोठणारा थर खालचं पाणी वर ओढत राहतो. मातीत बर्फाच्या चकत्या वाढतात आणि अख्खा रस्ता जागोजागी उचलला जातो. मी ‘रस्ता फुगला’ लिहिलं, पण मन भरत नाही. भाचीच्या पुण्याच्या मैत्रिणीनं मजकूर तपासला. तिनं ‘फुगला’ राहू दिलं, पण ‘गड्डा’चा ‘खड्डा’, ‘गिट्टी’ची ‘खडी’ आणि ‘बस फसली’चं ‘बस रुतली’ केलं. सगळं हिंदी आहे म्हणे. ते मागून पाहू. आधी शब्द सुचवा.

नेमका शब्द :
‘हिमोत्थान’ करा. अर्थ पूर्ण येतो. आणि मैत्रिणीचं बरोबर आहे. गड्डा कोबीचा असतो, नाहीतर सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेचा. रस्त्यात पडतो तो खड्डा.

अकोटची लेक :
रस्त्यात पडते तो गड्डाच, दादा. संस्कृत गर्त, प्राकृत गड्ड, त्यातूनच हिंदीचा गड्ढा आणि आमचा गड्डा. ‘गर्तेत गेला’ तुम्ही लिहिता ना? मग गड्ड्यानं काय घोडं मारलं? दोन भाषांना एकाच आजीकडून शब्द आला तर एकीनं दुसरीकडून उसना घेतला असं होत नाही.

नेमका शब्द :
व्युत्पत्ती मान्य. पण प्रमाण लेखनात एकाच वस्तूला दोन शब्द झाले तर वाचणारा गोंधळतो. माझा आग्रह तेवढ्यापुरताच आहे. खडीचंही तेच.

मोजमाप वही :
बांधकाम खात्यात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. अंदाजपत्रकात आम्ही ‘खडीकरण’ लिहायचो आणि साइटवर ‘गिट्टी पसरव रे’ म्हणायचो. एकाच दिवशी, एकाच तोंडानं. नागपुरात अख्खी वस्ती आहे गिट्टीखदान नावाची. तिला खडीची खाण म्हणून पत्ता विचारून पाहा. जो दगड फोडतो, डोक्यावर वाहतो, त्याचा शब्द अशुद्ध कसा?

आता मूळ प्रश्न. भराव दबला तर आम्ही ‘रस्ता बसला’ म्हणतो. मग वर आला तर ‘रस्ता उठला’ म्हणा. आमच्या काळ्या मातीत हे दर वर्षी पाहिलं आहे. पावसाळ्यात माती फुगून रस्ता उठतो, उन्हाळ्यात भुई उलते आणि डांबरावर हात जाईल एवढी भेग पडते. खाली मुरमाचा जाड थर नसेल तर वरचं कारपेट कितीही चांगलं घाला, टिकत नाही.

पूर्णाकाठ :
काकाजी, भाची हेच सांगते. विनिपेग वसलं आहे ते ॲगॅसी नावाच्या पुरातन सरोवराच्या तळाशी साचलेल्या चिकणमातीवर. तीही ओलीनं फुगते, वाळली की आकसते, घरांचे पाये तडकवते. म्हणजे त्यांना दुहेरी मार. त्यात गरम डांबराचं काम कडाक्याच्या थंडीत होत नाही. तोवर थंड मिश्रण ठोकून वेळ काढतात आणि तेच लोकांच्या जिव्हारी लागतं. आपल्याकडं पावसाळ्यात डांबर बंद, गड्ड्यात मुरूम, आणि ‘दिवाळीनंतर बघू’.

‘उठला’ आवडला. पण ‘बाजार उठला’ म्हणजे संपला. ‘रस्ता उठला’ वाचून कुणी रस्ताच गेला समजेल का?

झाडीपट्टी :
डोक्यावर येते तसं टेंगूळ म्हणा ना. ‘रस्त्याला टेंगळं आली.’ नाहीतर जुनी मातीची भिंत पोट काढते, तसं ‘रस्त्यानं पोट काढलं’.

नेमका शब्द :
निवेदनात टेंगूळ शोभणार नाही. नगरपालिकेला लिहिताना भाषेचा आब राखावा.

अकोटची लेक :
आब कोणाचा? वाचणाऱ्याले समजलं पाहिजे. हिमोत्थान वाचून माझ्या मायले वाटंल, डोंगर चढून राहिले कोणी.

आणि ‘फसली’वर मला बोलायचंच आहे. सात वर्षांमागं ऐन पावसात बाबांच्या छातीत कळ आली. पांदणीत गाडी फसली. मी फोनवर ओरडून सांगत होते, ‘गाडी फसली, दुसरी पाठवा.’ पलीकडची बाई विचारत होती, ‘कोणी फसवलं? नीट सांगा.’ तिचा दोष नाही, तिच्या मराठीत फसणं म्हणजे ठकवलं जाणं. बाबांना खाटेवर घालून चौघांनी डांबरीपर्यंत आणलं. बाबा वाचले. पण तेव्हापासून ‘हा शब्द हिंदी, तो अशुद्ध’ ऐकलं की मला ते दोन मिनिटं आठवतात. आमचा शब्द तिला कोणी शिकवलाच नव्हता.

नेमका शब्द :
ताई, वाचून गलबललो. ‘फसली’ ठेवा, माझी हरकत नाही. खडीबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

मोजमाप वही :
माझ्या मते फसणं आणि रुतणं एक नव्हेच. रुतली म्हणजे चाक चिखलात गेलं, चार माणसांच्या धक्क्यानं निघते. फसली म्हणजे खालून टेकली, बैलजोडी लावल्याशिवाय हलत नाही. दोन्ही शब्द हवेत.

पूर्णाकाठ :
भाचीला रविवारी मजकूर द्यायचा आहे. सध्या ‘रस्ता जागोजागी उठला आहे’ लिहून ठेवलं आहे. याहून चांगलं सुचलं तर सांगा.

झाडीपट्टी :
काकाजी, आमच्याकडं अगदी उलटं. फसली ती धक्क्यानं निघते, रुतली तिलाच बैल लागतात.