अंगावरच्या पुरळाचं कारण तुम्हाला कसं सापडलं? (अनुभव धागा)

इंदूरकरांनो, अंगावर उठलेल्या पुरळाचं कारण शोधताना तुम्हाला काय उमगलं, ते इथे लिहा. औषधांची नावं नकोत. नेमकं कुठे उठलं, कधी उठलं आणि कशावरून ओळखलं, ते सविस्तर हवं. सुरुवात मी करते.

माझ्या सासूबाई, वय 68, सुदामानगर. दोन वर्षं पाऊस सुरू झाला की चेहरा, पापण्या, मान आणि कोपराच्या खळग्यात लाल चट्टे. खाजवून खाजवून कातडी जाड झाली. आम्ही वांगं बंद केलं, आंबट बंद केलं, साबण बदलले, नर्मदेच्या पाण्यावरही संशय घेतला. मागच्या पावसाळ्यात त्या महिनाभर मुंबईला नणंदेच्या फ्लॅटवर राहिल्या आणि त्वचा निवळली. परतल्या आणि तिसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या! तेव्हा कुठे शेजारच्या रिकाम्या प्लॉटकडे माझं लक्ष गेलं. कमरेइतकं गाजरगवत, पांढऱ्या फुलांनी भरलेलं, आणि त्याच्या कडेनेच त्यांचं रोज सकाळचं फिरणं.

त्वचारोगतज्ज्ञांनी पॅच टेस्ट केली. पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या चकत्या चिकटवतात, दोन दिवस पाठ भिजवायची नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि चौथ्या दिवशी पुन्हा तपासतात. गाजरगवताच्या जागी लालभडक चकंदळ उठलं होतं. हे गवत आपल्याकडे 1955च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नजरेस आलं आणि मग देशभर पसरलं. त्याला हात लावायचीही गरज नसते, वाळलेला भुगा वाऱ्याने अंगावर बसला तरी पुरतो. म्हणून उघड्या भागांवरच पुरळ.

पण सासूबाईंना खरं वाईट वाटलं ते पुढचं ऐकून. शेवंती त्याच कुळातली, तीही जपून, असं डॉक्टर म्हणाले. महालक्ष्म्यांच्या शेवंतीच्या वेण्या चाळीस वर्षं त्यांनीच केल्या आहेत. यंदा त्यांनी जाईच्या केल्या.

तव्यावरची पोळी
मी घरून डबे देते. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींची टोकं फुटून भेगा पडलेल्या. मीठ लागलं की जीव जायचा. सगळे म्हणाले भांड्यांचा साबण. पण साबण दोन्ही हातांना लागतो ना! डॉक्टरांनी एकच विचारलं, "सुरी कुठल्या हातात धरता?" उजव्या. म्हणजे डाव्या हाताच्या चिमटीत लसूण. साधे हातमोजे घालून पाहिले, उपयोग नाही, लसणातला त्रास देणारा घटक मोज्यांतून आरपार जातो. आता लसूण जाऊबाई सोलतात. दीड महिन्यात बोटं भरून आली.

राऊवाला
पावसाळ्यात सकाळी उठलो तर मानेवर चटका बसल्यासारखा लांब पट्टा, वर बारीक फोड. आजी म्हणाली नागीण, उतरवून घे. पण पट्टा मानेच्या एका बाजूकडून दुसरीकडे गेलेला, आणि नागीण सहसा एकाच बाजूला राहते. शिवाय कोपर दुमडल्यावर जिथे कातडीला कातडी टेकते, तिथे समोरासमोर दोन सारखे डाग. डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं: मुंगीसारखा बारीक, नारिंगी-काळा किडा. ट्यूबलाइटवर येतो. चावत नाही, पण झोपेत चिरडला की त्याचा रस भाजतो. तो अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा आणि जागा साबणाने धुवा.

अनामिक
मांडीवर गोल चट्टा होता. मेडिकलवरून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज गायब. थांबवली की दुप्पट. असं सात महिने चाललं आणि चट्टा कमरेपर्यंत चढला. शेवटी डॉक्टरांनी कडेची कातडी खरवडून काचेवर घेऊन पाहिली, तर बुरशी. म्हणजे गजकर्ण. ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, त्याने लाली दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कळकळीने सांगतो, दुकानदाराला विचारून असली ट्यूब लावू नका. मला बरं व्हायला तीन महिने लागले, आणि बायकोलाही उपचार घ्यावे लागले.

खजराना
आमच्याकडे खरूज निघाली. रात्रीच खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, आणि घरात एकामागून एक सगळ्यांना. सगळ्यांनी एकाच दिवशी औषध लावलं तेव्हा गेली.

नवा सभासद
माझं अजून सुटलेलं नाही. बेंबीच्या खाली रुपयाएवढा काळपट, खाजरा डाग, दीड वर्ष झालं. उन्हाळ्यात वाढतो. खाण्यातलं सगळं सोडून पाहिलं.

तव्यावरची पोळी
दादा, जीन्सचं बटण किंवा पट्ट्याचं बक्कल नेमकं तिथेच टेकतं का? मोठ्या बहिणीला असंच झालं होतं, बक्कलातल्या निकेल धातूची ॲलर्जी निघाली. घामाने ते जास्त सुटतं. तिला खोट्या दागिन्यांनीही कान चिघळायचे.

नवा सभासद
ताई, आरशासमोर उभं राहून पाहिलं. बक्कल बरोब्बर तिथेच येतं. आणि लहानपणी घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगट सोलवटायचं, तेही आज आठवलं. शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तोवर बनियन आत खोचून फिरतोय, आज चौथा दिवस. काल रात्री खाजेने जाग आली नाही.