म्हणे जेटनेच अमेरिका विनाथांबा जोडली!

जुनापंखा: काल इथे एकाने ठोकून दिलं, "अमेरिकेत किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत प्रवासी न थांबता नेले ते 1959 मध्ये, बोइंग 707 जेटने. त्याआधी सगळा रडतखडत कारभार." अहो, 19 ऑक्टोबर 1953 ला टीडब्ल्यूए या अमेरिकन विमान कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन विमान, म्हणजे आपली 'कॉनी', लॉस एंजेलिसहून थेट न्यूयॉर्कला गेलं. पंखेवालं! 707 ला वेगाचं श्रेय द्या, पहिलेपणाचं कशाला?

डीसीवाला: अर्धवट माहिती. कॉनी थेट जायची ती फक्त पूर्वेकडे, वारा पाठीशी घेऊन. परतीला वारा तोंडावर, की उतरा शिकागोला. असं असेल तर घाट उतरणारा आमचा टेम्पोही बिनडिझेलचा. दोन्हीकडून थेट सेवा अमेरिकन एअरलाइन्सची, विमान डग्लसचं डीसी-7 (तेही पंखेवालंच), 29 नोव्हेंबर 1953.

जुनापंखा: म्हणजे 41 दिवस उशिरा. पहिलं ते पहिलं.

रात्रपाळी: त्या डीसी-7 ची पश्चिमेकडची फेरी कागदावर आठ तासांत कशी कोंबली तेही सांगा. वैमानिकाने 24 तासांत आठच तास उडवायचं, असा नियम होता. वारा काय वेळापत्रक वाचून वाहतो? 1954 मध्ये वैमानिकांनी यावरूनच संप केला. माझे वडील रात्रीची बस चालवायचे, डबल ड्यूटी. मला हे पुस्तकात वाचावं लागत नाही.

डीसीवाला: बसचा काय संबंध? कॉकपिटात दोन वैमानिक, शिवाय फ्लाइट इंजिनिअर.

रात्रपाळी: तिघेही तितकेच तास जागे! सलग दुसऱ्या रात्री वडिलांना डुलकी लागली, गाडी कठड्याला घासली. पगार त्यांचाच कापला. मालक तेव्हा घरी घोरत होता.

नटबोल्ट: भांडताय कशाला, दोन्हींत इंजिन एकाच जातीचं. राइट कंपनीचं टर्बो-कंपाउंड, 18 सिलिंडर. एक्झॉस्टवर तीन टर्बाइन, वाया जाणारी ताकद परत क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला. ते नसतं तर दोघंही शिकागोलाच. बिघडायचंही भरपूर. मेकॅनिक त्या टर्बाइनला ताकद नव्हे, सुटे भाग गोळा करणारं यंत्र म्हणायचे.

डीसीवाला: कॉनीत जास्त बिघडायचं.

नटबोल्ट: आत्ताच सांगितलं ना, इंजिन एकाच जातीचं! वाचता की नुसतं लिहिता?

जुनापंखा: बरं बाबा, दोन्हीकडून पहिलं डीसी-7. घ्या, हार घाला त्याला. एकीकडून पहिली मात्र कॉनीच.

डीसीवाला: एकीकडून मान्य.

रात्रपाळी: आठ तासांचं कुणीच मान्य करत नाही.