जुलाबाच्या दाहातून आतड्यातले नेहमीचे जीवाणू कसे वाचतात?

प्रश्न : जीवशास्त्र शिक्षिका, चोपडा

पावसाळ्यात तापीकाठच्या आमच्या गावांत पाणी गढूळ झाले की जुलाबामुळे वर्गातले बाक रिकामे दिसू लागतात. संसर्ग झाला की आतड्याचे अस्तर सुजते आणि तेथील पेशी जीवाणूंच्या पटलाला छिद्रे पाडणारी पेप्टाइडे (प्रथिनांसारखे छोटे रेणू) सोडतात, इथपर्यंत मी अकरावीला शिकवते. परवा एका विद्यार्थिनीने विचारले की, ही पेप्टाइडे घरचा जीवाणू आणि बाहेरचा जीवाणू असा भेद करत नसतील, तर जुलाब थांबल्यावर पोटात बरेचसे पूर्वीचेच जीवाणू कसे सापडतात? तिला पाठ्यपुस्तकापलीकडचे, पण खात्रीचे उत्तर द्यावे अशी माझी इच्छा आहे.

उत्तर : सूक्ष्मजीवशास्त्राचा संशोधक विद्यार्थी, जळगाव

ताई, तिने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. ही पेप्टाइडे धनभारित असतात आणि ग्राम-ऋण, म्हणजे दुहेरी पटल असलेल्या जीवाणूंच्या बाह्य पटलातील लिपिड ए या रेणूवरच्या ऋणभारित फॉस्फेट गटांना चिकटून ती आपले काम सुरू करतात. ई. कोलायच्या लिपिड ए वर सहसा असे दोन गट असतात. मोठ्या आतड्यात विपुल आढळणारे बॅक्टेरॉइडिस गटातले जीवाणू मात्र एलपीएक्सएफ नावाच्या विकराने (एन्झाइमने) त्यांतला एक काढून टाकतात, त्यामुळे पटलावरचा ऋणभार घटतो आणि पेप्टाइडाला पुरेशी पकड मिळत नाही. येल विद्यापीठातील अँड्र्यू गुडमन यांच्या गटाने २०१५ मध्ये हे उंदरांवर दाखवून दिले. या विकराचे जनुक काढून टाकलेला बॅक्टेरॉइडिस थीटाआयोटाओमायक्रॉन निरोगी उंदराच्या आतड्यात व्यवस्थित नांदला, परंतु सिट्रोबॅक्टर रोडेन्टियम या उंदरांतील रोगकारक जीवाणूच्या संसर्गाने दाह सुरू होताच मूळ वाणापुढे त्याचा टिकाव लागला नाही. एवढ्याशा रासायनिक बदलावर सारे अवलंबून असावे, याचे मला फार नवल वाटते.

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, धुळे

यात रोगकारकांची बाजूही सांगायला हवी, कारण त्यांतले काही दाह नुसता सोसत नाहीत, त्याचा फायदाही उठवतात. दाहाच्या वेळी पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे जे अतिक्रियाशील रेणू सोडतात, त्यांमुळे आतड्यातील थायोसल्फेटाचे टेट्राथायोनेट होते, आणि जुलाब घडवणारा साल्मोनेला टायफिम्युरियम हा जीवाणू ऑक्सिजनऐवजी ते श्वसनासाठी वापरून इतरांपेक्षा वेगाने वाढतो. विषमज्वराचा साल्मोनेला टायफी वेगळी वाट धरतो. व्हीआय नावाच्या शर्करायुक्त आवरणाखाली शरीराला जीवाणू ओळखू देणाऱ्या आपल्या पटलाच्या खुणा तो झाकतो, त्यामुळे सुरुवातीला आतड्यात फारसा दाह उठत नाही आणि रुग्ण बहुधा जुलाबाऐवजी तापाची तक्रार घेऊन येतो. विषमज्वराच्या काही लसी याच आवरणापासून तयार केलेल्या आहेत.

प्रश्न : जीवशास्त्र शिक्षिका, चोपडा

दोघांचेही मनापासून आभार. घरचे जीवाणू इतके चिवट असतील, तर जुलाबावर लगेच घेतलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्याही ते सोसत असतील का?

उत्तर : वैद्यकीय अधिकारी, धुळे

नाही, मॅडम. त्यांचे हे संरक्षण पटलावर हल्ला करणाऱ्या पेप्टाइडांपुरते आहे. सिप्रोफ्लोक्सासिनसारखे औषध पेशीच्या आत शिरून डीएनए हाताळणाऱ्या विकरांना अडवते, तिथे फॉस्फेट कमी असल्याचा काहीच उपयोग होत नाही. म्हणून साध्या पाण्यासारख्या जुलाबात मुलांना ओआरएस आणि झिंक द्यावे, तर शौचातून रक्त पडत असेल किंवा कॉलऱ्याचा संशय असेल, तेव्हा प्रतिजैविकाचा निर्णय डॉक्टरांनी तपासून घ्यावा.